पस्तीस एएचची बॅटरी: साताऱ्यात कोणती घ्यावी, कशी बसवून घ्यावी

साताऱ्यात छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बदलायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती महिन्यांची देऊ?" खरं तर त्याने विचारायला हवं, "गाडी रोज किती चालते?" पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत भाजीला जाणारी गाडी आणि रोज हायवेने कराड गाठणारी गाडी, दोन्हींना एकाच दिवशी बनलेली एकाच कंपनीची बॅटरी बसवा, तिचं आयुष्य दोन्हीकडे वेगळं निघेल. हा आढावा ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) गटातल्या बॅटऱ्यांचा आहे, म्हणजे बहुतेक छोट्या पेट्रोल हॅचबॅकना लागते त्या मापाचा. त्या बसवून देणाऱ्यांच्या सेवेचाही आहे, कारण निम्मी बिघाडं बॅटरीत नसतात, बसवण्यात असतात.

निकाल आधीच सांगतो. गाडी रोज अर्धा तास सलग पळत असेल तर लांब वॉरंटीची, वरच्या गटातली बॅटरी घ्या, पैसे वसूल होतील. गाडी आठवड्यातून एकदा दोन-तीन किलोमीटर चालत असेल, किंवा गावाकडे वाड्यात उभी राहून मालक मुंबई-पुण्याला असेल, तर कमी वॉरंटीची स्वस्त बॅटरी घ्या आणि वाचलेल्या पैशात थोडी भर घालून घरी एक ऑटोमॅटिक चार्जर आणा. उभ्या गाडीत महागडी बॅटरीही तितक्याच लवकर मरते.

असं का, त्याचा हिशेब सोपा आहे. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि म्युझिक सिस्टिमचं घड्याळ मिळून ३० ते ५० मिलिअँपिअर करंट खातात. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच. एकदा सेल्फ मारायला साधारण ०.१ एएच लागतो, म्हणजे सेल्फने बॅटरी संपते हा समज खरा नाही. बॅटरी संपते ती उभ्या उभ्या. ३५ मधले निम्मे एएच दोन आठवड्यांत निघून जातात. आता जमेची बाजू बघा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, कितीही मोठा असला तरी बॅटरी पाऊण भरली की फार थोडा करंट आत घेते, आणि शेवटचा पाव भाग भरायला तासन् तास लागतात. दहा मिनिटांच्या फेरीत सरासरी पाच अँपिअर आत गेले असं धरलं तरी जमा होते ०.८ एएच. रोज खर्च जास्त आणि जमा कमी, असं महिना-दोन महिने चाललं की बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली रेंगाळायला लागते. तिथे आतल्या शिशाच्या प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं, पुन्हा विरघळत नाही, आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. गणपतीला गावी आल्यावर सेल्फ मारावा आणि नुसतं कट-कट ऐकू यावं, त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता खरेदी. जुन्या बॅटरीवरचा कोड उतरवून न्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. ३८बी२०एल असं काही लिहिलेलं असतं. ३८ हा जोराचा आकडा, बी म्हणजे डब्याच्या रुंदी-उंचीचा गट (रुंदी १२९ मिलिमीटर), २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये (प्रत्यक्षात १९७ मिलिमीटर), आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची दिशा सांगतं. टर्मिनलची बाजू आपल्याकडे घेऊन उभं राहिलं की प्लस उजवीकडे असेल तर एल, डावीकडे असेल तर आर. "चालतंय की, वायर ओढून पुरते" असं कुणी म्हणालं तर दुकान बदला. ओढून बसवलेली वायर इंजिनच्या थरथरीने टर्मिनलच मुळातून हलवते. घाईत उलटी जोडली गेली तर मेन फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड एका ठिणगीत जातात.

याच कोडमागे कधी एस असतो, उदाहरणार्थ एलएस. तो टर्मिनलची जाडी सांगतो. बिनएसच्या बी गटात टर्मिनल बारीक असतात, प्लस १४.७ आणि मायनस १३ मिलिमीटर. एस असेल तर जाड, १९.५ आणि १७.९. जाड टर्मिनलसाठीचा क्लँप (वायरच्या टोकाची पकड) बारीक टर्मिनलवर कितीही आवळला तरी सैल राहतो. मग मेकॅनिक मध्ये पत्र्याचा तुकडा नाहीतर तांब्याच्या तारेचे वेढे कोंबतात. महिनाभर चालतं, नंतर त्या सांध्यात उष्णता होते, भुकटी जमते आणि नवी बॅटरी "खराब" ठरते. त्यासाठी बारीक टर्मिनलवर चढवायची तयार कडी मिळते ती वापरावी, किंवा मुळातच योग्य टर्मिनलची बॅटरी घ्यावी. डीआयएन (युरोपीय पद्धतीच्या) मापाच्या बॅटरीत हा गोंधळ नाही, पण उंची १७५ की १९० मिलिमीटर हे बघावं लागतं. उंच बॅटरीचं प्लस टर्मिनल बोनेटच्या पत्र्याला टेकण्याचा धोका असतो.

ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात, किंवा ज्यांच्यावर हायब्रिड असं लिहिलेलं असतं, त्यांना साधी बॅटरी देऊ नका. त्यांना ईएफबी किंवा एजीएम हा वारंवार सेल्फ मारण्यासाठी बनवलेला प्रकार लागतो. साधी बसते, गाडीही सुरू होते, पण दिवसाला पन्नास वेळा सेल्फ मारायला आणि मधल्या वेळेत दिवे-पंखा ओढायला तिच्या प्लेटा बनवलेल्याच नसतात.

दुकानात बॅटरी हातात आली की वॉरंटीच्या आधी दोन गोष्टी बघा: बनल्याचा महिना आणि व्होल्टेज. महिना सिरियल नंबरात लपलेला असतो, दुकानदाराला तो वाचता येतो, वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहा महिन्यांपर्यंत चालेल, त्यापुढची सवलतीत दिली तरी नको. मग मल्टिमीटर लावायला सांगा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खालची "नवी" बॅटरी दुकानातच उतरून बसलेली असते. ती चार्ज करून द्यायला सांगा किंवा दुसरी मागा. ही दोन मिनिटांची तपासणी ज्या दुकानात आनंदाने करून देतात ते दुकान चांगलं, असं सरळ समजावं. बॅटरीवरचा हिरवा ठिपका पुरावा म्हणून पुढे करतात, पण तो सहा सेलपैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो. बाकी पाचांपैकी एक मेला असेल तरी ठिपका हिरवाच राहतो.

आता कंपन्या. अ‍ॅमरॉनची ३५ एएचमध्ये दोन रूपं जास्त दिसतात, गो (३८बी२०) आणि फ्लो (४२बी२०). डबा तोच, एएच तेवढेच, पण पुढचा आकडा मोठा म्हणजे सेल्फच्या वेळी जोर जास्त, आणि वॉरंटीही लांब. रोज चालणाऱ्या गाडीसाठी फ्लोचे जास्तीचे पैसे योग्य वाटतात, उभ्या गाडीसाठी गो पुरेशी आहे. एक्साइडची माइलेज याच मापात सहज मिळते, आणि एक्साइडचं जाळं मोठं असल्याने आडगावीही तिचा विक्रेता सापडण्याची शक्यता जास्त. एसएफ सॉनिक हा एक्साइड इंडस्ट्रीजचाच दुसरा ब्रँड आहे, हे अनेकांना माहीत नसतं. टाटा ग्रीन ही टाटा ऑटोकॉम्प आणि जपानच्या जीएस युआसाची भागीदारी, कारखाना पुण्याजवळ रांजणगावला. या चारांत आमच्या लेखी ठरवणारा फरक कंपनीचा नाही. ताजी टाटा ग्रीन आणि आठ महिने फडताळात पडलेली अ‍ॅमरॉन यात ताजी टाटा ग्रीन घ्यावी, आणि उलट असेल तर उलट.

स्थानिक जोडणीच्या, बिनावाच्या किंवा "रिकंडिशन" बॅटऱ्या निम्म्या किमतीत मिळतात. त्या घेऊ नयेत. जुन्या डब्यात नवं ॲसिड ओतलं की दोन-चार महिने जोर दिसतो, पण प्लेटा झडलेल्याच असतात. त्यांचा गाळ तळाशी साचून प्लेटांना शॉर्ट करतो आणि बॅटरी एका रात्रीत, कसलीही पूर्वसूचना न देता जाते. घाटात संध्याकाळी गाडी बंद पडली की वाचलेल्या दोन हजारांचं समाधान उरत नाही.

नामांकित कंपनीच्या ३५ एएचची किंमत जुनी बॅटरी देऊन साधारण चार ते साडेपाच हजारांच्या घरात येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानात जुनी किंमतयादी पुढे केली तर बिलावर टक्का बघून घ्या. बिनबिलाची बॅटरी तीन-चारशेने स्वस्त पडते, पण तिची वॉरंटी तोंडी राहते. जुनी बॅटरी मात्र विक्रेत्यालाच द्या. त्यातलं शिसं आणि ॲसिड परत कारखान्यात जावं यासाठीच २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत. रस्त्याकडेला डबा फोडून ॲसिड ओढ्यात सोडणाऱ्याला शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून ती विकणं फार वाईट.

वॉरंटीवर ३०+३० असं लिहिलेलं असतं. पहिले ३० महिने बॅटरी बिघडली तर बदलून मिळते. पुढचे ३० महिने फक्त नव्या बॅटरीवर सूट, तीही छापील किमतीवर मोजलेली. बाजारात बॅटरी छापील किमतीपेक्षा कमीतच विकली जाते, म्हणून त्या सूटीतला खरा फायदा कागदावरच्यापेक्षा बराच लहान निघतो. तुलना करायची तर पहिला आकडाच धरा. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी नसते, जुनीचे उरलेले महिने लागू होतात. टॅक्सी पासिंगच्या गाडीला मुदत कमी असते. विकतानाच ऑनलाइन नोंदणी करून घ्या, मेसेज आल्याशिवाय दुकानातून हलू नका.

क्लेमबद्दल एक गैरसमज फार भांडणं लावतो. बॅटरी उतरली म्हणजे ती खराब झाली असं नाही. विक्रेता ती आधी चार्ज करतो, साधारण एक-दोन दिवस, मग लोड लावून बघतो. चार्ज धरला तर क्लेम नाही, आणि ते बरोबरच आहे. चांगला विक्रेता तेवढे दिवस गाडीत घालायला दुसरी बॅटरी देतो. पुण्याहून चार-पाचशे रुपये स्वस्तात आणलेल्या बॅटरीला वॉरंटी इथेही लागू असते, पण ही उसनी बॅटरी मिळेलच असं नाही. आमच्या मते साताऱ्यातल्या दुकानातून घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. घेतानाच विचारून ठेवा.

बसवताना १० नंबरचा पाना लागतो आणि क्रम चुकवायचा नाही. काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. कारण असं, की मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो आणि पाना टर्मिनलला चिकटून लाल होतो. क्लँप टर्मिनलवर हाताने पूर्ण खाली बसला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवणारा मेकॅनिक आतला शिशाचा जोड हलवतो, आणि ती चीर सहा महिन्यांनी दिसते. मग वरची पट्टी. बॅटरी ट्रेमध्ये घट्ट धरणारी ती लोखंडी पट्टी आणि तिचे दोन हूक अनेक गाड्यांत गायब असतात, बदलताना कुणीतरी काढून ठेवलेले. ती नसेल तर बसवून घ्या, पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोकळी बॅटरी उड्या मारते, प्लेटांवरचा लेप झडतो, आणि ही मोडतोड वॉरंटीत बसत नाही. बॅटरीभोवती कंपनीने दिलेलं कापडी किंवा प्लॅस्टिकचं आवरण असेल तर तेही परत घाला. इंजिनच्या उष्णतेपासून बॅटरी वाचावी म्हणून ते असतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की आतली झीज अंदाजे दुपटीने होते, आणि माणदेशाकडच्या उन्हाळ्यात बोनेटखाली काय तापमान होत असेल ते सांगायला नको.

बॅटरी काढल्यावर घड्याळ शून्यावर जातं, खिडकीची एका बोटाची वर-खाली काही गाड्यांत पुन्हा शिकवावी लागते, आणि पहिले काही किलोमीटर आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) थोडं वर-खाली होतं. हे बिघाड नाहीत. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

बसवून झाल्यावर इंजिन सुरू ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज मोजायला सांगा. १३.८ ते १४.५ हवं. दिवे आणि एसीचा पंखा लावल्यावरही १३.५ च्या खाली जाऊ नये. १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, तो नव्या बॅटरीचं पाणी उकळवून सहा महिन्यांत तिला संपवेल. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. बॅटरी नवी, अल्टरनेटर ठीक, तरी सेल्फ जड फिरतोय? मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (मायनस इंजिनला जोडणारी) गंजलेली आहे. ही तपासणी दहापैकी नऊ गॅरेजांत कुणी करत नाही आणि शंभर-दोनशेच्या पट्टीसाठी लोक पाच हजारांची बॅटरी बदलतात.

डॅशकॅम पार्किंग मोडवर जोडलेला असेल तर तो पाव अँपिअरच्या आसपास ओढतो, दिवसाला सहा एएच. तीन दिवसांत बॅटरी निम्मी. पार्किंग मोड बंद करा किंवा व्होल्टेज पडल्यावर तोडणारं किट लावा.

देखभालीत पावसाळा महत्त्वाचा. मेढा, महाबळेश्वर, पाटणकडच्या पावसात टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर धरते. वायरी सोडा, एका पेल्यात एक मोठा चमचा खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, फेस थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. क्लँप घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग क्लँप बसवू नका. ग्रीस तर नकोच, ते धूळ धरून बसतं. भुकटी एकाच टर्मिनलवर पुन्हा पुन्हा येत असेल तर टर्मिनलच्या मुळाशी गळती आहे, तेव्हा वॉरंटीकडे वळा. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर पाणी हवं, तेही डिस्टिल्ड. आरओचं किंवा एसीतून गळणारं पाणी चालत नाही, आणि ॲसिड तर कधीच घालायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला मुक्काम असेल तर लक्षात ठेवा, पारा शून्याजवळ गेला की बॅटरीचा जोर दोन-तृतीयांशावर येतो. वेण्णा लेककडच्या पहाटे कमजोर बॅटरी उघडी पडते, ती तिथेच बिघडलेली नसते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस वायर सोडून बाजूला कपड्यात गुंडाळून ठेवा. दार किल्लीने उघडावं लागेल, म्हणून खरी किल्ली जवळ असू द्या. शेजाऱ्याला "आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेव" असं सांगून जाण्याचा उपयोग नाही. सेल्फला गेलेलं आणि थोडंसं परत येतं, शिवाय इंजिनात ओल धरते. चालवायची तर किमान अर्धा-पाऊण तास सलग, कोरेगावपर्यंत जाऊन परत. चार्जर असेल तर ३५ एएचला ३ ते ४ अँपिअरने, रात्रभर, हवेशीर जागी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. याच कारणाने जंपर केबल लावताना काळ्या वायरचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब लावावं. आधी लाल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटी हे टोक. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. घेताना केबलचं जाड प्लॅस्टिक बघू नका, आतलं तांबं किमान १६ चौरस मिलिमीटर आहे का ते विचारा.

तीन वर्षं झाली की दर दिवाळीच्या आधी दुकानात टेस्टर लावून सीसीए (थंडीत सेल्फ फिरवण्याचा जोर) बघून घ्या, बहुतेक ठिकाणी फुकट करून देतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी किंवा किमान चार तास उभी राहिल्यावर मोजलं तरच आकडा खरा. हायवेवरून आल्या आल्या मोजलेली कुठलीही बॅटरी ठणठणीतच दिसते.